पेट्रोलची खतावणी

माझा आणि यंत्रांचा संबंध जावई-सासऱ्यासारखा आहे. चारचौघांत दोघेही एकमेकांना सांभाळून घेतात आणि दोघांचाही एकमेकांवर काडीचा विश्वास नसतो. त्यातून मी कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. आमच्या शास्त्रात डावी बाजू उजवीशी जुळली की जग सुरळीत चालले आहे असे समजून दिवे मालवून घरी जायचे असते. त्यामुळे २०२५ च्या दिवाळीत पुण्याचा भाचा काखेत लॅपटॉप मारून सांगलीला आला आणि "मामा, तुझ्या फटफटीचा मॅप बदलून टाकू" असे म्हणाला, तेव्हा मिरजेचा रस्ता पुन्हा कुठे वळवला की काय, असेच मी त्याला विचारले.

"रस्त्याचा नव्हे रे मामा, पेट्रोलचा मॅप. इंजिनाला कुठल्या वेळी किती पेट्रोल द्यायचं त्याचं कोष्टक."

कोष्टक हा शब्द ऐकला आणि मी चष्मा लावला.

आता ही फटफटी मी २०१२ साली घेतली. पाचशे सीसीची, एका सिलिंडरची. कंपनीचे नाव सांगत नाही. तिचा यात दोष नाही, आणि असला तरी हप्ते मी माझ्याच बँकेचे फेडले आहेत. तर या गाडीला वर्षभरात दोन खोडी लागल्या होत्या. चौकातून निघताना ती आवंढा गिळल्यासारखी थबके, आणि उतारावर रेस सोडली की सायलेन्सरमधून फटाके वाजवी. दिवाळीपुरते ते खपून गेले असते, पण ती गणपतीतही वाजवत होती आणि पितृपक्षातही.

भाच्याने कारण सांगितले ते मला चटकन पटले, कारण तो सरळ हिशेबाचा मामला होता. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने चौदा पूर्णांक सात भाग हवा लागते. इथेनॉलला नऊच भाग पुरतात. आता पंपावर जे मिळते त्यात वीस टक्के इथेनॉल असते, म्हणजे त्याचे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. गाडी मात्र जुन्या हिशेबाने तेवढेच पेट्रोल सोडणार. हवा उरते, इंधन पुरत नाही. नव्या गाड्यांच्या सायलेन्सरच्या नळीत धूर हुंगणारे एक नाक बसवलेले असते, ते हुंगून कमी-जास्त करते. माझ्या गाडीला ते नाक नाही. ती बिचारी २०१२ च्या पगारात २०२५ चा संसार करत होती.

भाच्याने कोष्टक उघडले. आडव्या ओळींत इंजिनाचे फेरे, दर अडीचशेला एक ओळ. उभ्या रकान्यांत मूठ किती पिळली ते: शून्य, दोन, पाच, दहा टक्के, असे करत शंभरापर्यंत. प्रत्येक चौकोनात एक आकडा. मी बघतच राहिलो. ज्या वस्तूला मी तेरा वर्षे वाहन समजत होतो ती आतून चक्क खतावणी निघाली! तीन हजार फेऱ्यांना इंजिन सेकंदाला पंचवीस वेळा पेट्रोल घेते. म्हणजे दर सेकंदाला पंचवीस नोंदी, त्याही जेवणाच्या सुटीशिवाय. आमच्या शाखेत हे प्रमाण सांगितले तर युनियनची सभा भरेल.

मग मला छंदच लागला. पेट्रोलचा हा हिशेब पूर्वी कोण ठेवीत होते, कशावर ठेवीत होते आणि तो लॅपटॉपवर कसा गेला, हे मी शोधू लागलो.

सुरुवातीला कुणीच ठेवीत नव्हते. जर्मनीत कानस्टाट गावी गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ साली लाकडी सांगाड्याची, अर्ध्या अश्वशक्तीची जगातली पहिली पेट्रोलची फटफटी केली. तिच्यात पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नुसती जाऊ द्यायची. जाताना ती जेवढी वाफ उचलील तेवढी इंजिनाची. सगळे उधारीवर, वही नाहीच. डाइमलरचा मुलगा पाउल त्या गाडीवर बसून शेजारच्या गावापर्यंत गेला, आणि वाटेत खालच्या इंजिनाच्या उष्णतेने बैठकीने पेट घेतला असे सांगतात. फटफटीच्या पहिल्याच स्वाराला चटका कुठे बसला हे ध्यानात घेतले, तर पुढची एकशेचाळीस वर्षे लोक या वाहनावर बसत आले याचे नवल वाटते.

तीन वर्षांनी बेर्था बेंझ या बाईंनी नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे शंभरेक किलोमीटरवर, माहेरी गेल्या. साल १८८८. वाटेत इंधन संपले ते वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून घेतले. कपडे साफ करायला वापरतात तसले द्रावण होते ते. पुढे इंधनाची नळी चोंदली, तेव्हा बाईंनी टोपीची टाचणी काढून ती मोकळी केली. आमच्या गल्लीतला कुठलाही मिस्त्री आजही जेट चोंदला की बारीक तारच शोधतो. एवढे सगळे करून बाई सुखरूप पोचल्या आणि नंतर नवऱ्याला तार केली. आमची ही माहेरी जाते तेव्हा निदान आधी सांगून जाते, पण पेट्रोल मात्र मलाच भरावे लागते.

पहिली खरी वही आली १८९३ साली. हंगेरीतल्या दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी पेट्रोलचा फवारा उडवणाऱ्या कार्ब्युरेटरचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षी जर्मनीत मायबाखनेही घेतले. बांकी-चोंकांना ही कल्पना रस्त्यात फुलांवर पाणी फवारणारी फुलवाली बघून सुचली, अशी कथा आहे. खरीखोटी देव जाणे. पण बुडापेस्टची फुलवाली नसती तर सांगलीचा गॅरेजवाला उपाशी राहिला असता, या विचाराने मला ती खरी वाटते.

कार्ब्युरेटरचे तत्त्व फार सुंदर आहे. हवेच्या वाटेत एक बारीक कंबर करायची. तिथून जाताना हवेचा वेग वाढतो, वेग वाढला की दाब घटतो, आणि दाब घटला की शेजारच्या वाटीतले पेट्रोल पितळेच्या छोट्या भोकातून आपण होऊन वर येते. ते भोक म्हणजे जेट. ढकलायला कुणी नाही. पुढची जागा रिकामी झाली म्हणून मागचा सरकतो. आमच्या खात्यात बढत्या अशाच होतात. मधोमध एक निमुळती सुई लोंबते. रेस दिली की ती वर उचलली जाते आणि पेट्रोलला वाट मोकळी होते. सुईच्या डोक्याशी खाचा असतात. पिन वरच्या खाचेत की खालच्या, यावर गाडीची भूक ठरते. शिवाय स्लोसाठी हवेचा एक स्क्रू. एवढ्या भांडवलावर या यंत्राने शंभर वर्षे काढली. त्याला वाचता येत नव्हते, मोजता येत नव्हते, आणि डोंगरावर गेले तर हवा विरळ झाली हेही कळत नव्हते. कळायचे ते मिस्त्रीला.

आमच्या घरी हा मिस्त्री म्हणजे चाचा. मद्रासला १९५५ मध्ये एनफिल्ड इंडिया निघाली आणि तिथून बुलेट लष्करात गेल्या. अशीच एक बुलेट लष्कराच्या लिलावात माझ्या वडिलांनी घेतली. वडील हायस्कुलात भूगोल शिकवीत. मास्तरांनी बुलेट घेतली ही गोष्ट गावात पृथ्वी गोल असण्यापेक्षा जास्त चर्चिली गेली. दर दोन महिन्यांनी, रविवारी, वडील मला टाकीवर बसवून चाचांच्या गॅरेजात नेत. चाचा हातातला चहा खाली ठेवून नुसते ऐकत. मग प्लग काढून उजेडात धरत. काळाकुट्ट म्हणजे खादाड, पांढरा म्हणजे उपाशी, आणि चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तपकिरी म्हणजे तब्येत झकास. मग स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, मान कलती, डोळे मिटलेले. एका क्षणी डोळे उघडत आणि म्हणत, "हां. आता बोलली."

वडील हळूच मला सांगत, "बघ, याला म्हणतात कान." वर्गात मात्र माझा तोच ते पिळत.

तिकडे अमेरिकेत हा कान काढून टाकण्याचे प्रयत्न बरेच आधी सुरू झाले होते. बेंडिक्स कंपनीने विजेवर चालणारी पेट्रोलची पिचकारी केली आणि १९५८ साली क्रायस्लरच्या थोड्याशा मोटारींवर बसवली. तिच्यातल्या मेणकागदाच्या भागांना उष्णता आणि ओल सोसेना. बहुतेक गाड्यांवर कंपनीला परत कार्ब्युरेटर चढवावे लागले. बेंडिक्सचे हक्क जर्मनीच्या बॉशने घेतले आणि १९६७ साली फोक्सवागनवर तीच कल्पना नीट चालवून दाखवली. धुराचे कायदे कडक होत होते. पाव फेऱ्याच्या अंदाजावर कॅलिफोर्निया ऐकणार नव्हता. तरी तोवर हिशेब यंत्राच्या नुसता अंगात मुरलेला होता, लिहिलेला नव्हता. आकडे स्मृतीत कोष्टकाच्या रूपाने बसले ते १९७९ साली, बॉशच्या मोट्रॉनिकमध्ये. पुढच्याच वर्षी कावासाकीने हजार सीसीच्या फटफटीवर इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणले, १९८२ साली होंडाने आणि १९८३ साली बीएमडब्ल्यूने.

आणि हिशेब लिहिला गेला म्हटल्यावर खाडाखोड करणारे आलेच! इटलीच्या डुकाटीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे कोष्टक एका चिपवर असे. चिपच्या पाठीवर काचेची चिमुकली खिडकी. चिप उपटायची, खिडकीवर अतिनील प्रकाश पाडून जुना हिशेब पुसायचा, नवा चढवायचा आणि चिप परत खोचायची. शाळेची पाटी पुसण्यासारखेच, फक्त थुंकी चालत नाही. ही यातायात संपली ती फ्लॅश मेमरीने. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ साली मांडली; तिच्यातला मजकूर विजेच्या झटक्यासरशी पुसला जातो, म्हणून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव पडले. आता चिप उपटायला नको, वायर जोडली की झाले. याच सुमारास मूळ मेंदू आणि पिचकारी यांच्या मधे बसणाऱ्या डब्या निघाल्या. मेंदूने मंजूर केलेल्या रकमेत ही डबी दोन टक्के वाढव, तीन टक्के काप, असे मधल्यामधे करते. बँकेत आम्ही याला गुन्हा म्हणतो, गॅरेजात ट्यूनिंग म्हणतात. यातली गाजलेली डबी अमेरिकेच्या डायनोजेट कंपनीची. मौज म्हणजे ही कंपनी आधी कार्ब्युरेटरचे जेट विकून नावारूपाला आली होती. म्हणजे पितळ विकणारानेच पुढे आकडे विकले.

आपल्याकडे हे सारे सावकाश आले. २००६ साली हिरो होंडाने इंजेक्शनची ग्लॅमर काढली. २००७ साली आकुर्डीच्या बजाजने पल्सर २२० काढली, आणि दोन वर्षांनी त्याच गाडीला पुन्हा कार्ब्युरेटर लावून जरा स्वस्तात विकली. मला हा निर्णय अस्सल मराठी वाटतो. नवे घ्यायचे, चार दिवस वापरायचे आणि "आमचं जुनंच बरं होतं" म्हणून माळ्यावर ठेवायचे. पण १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-सहा नियम लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींवरून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला.

मी २००४ साली नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत लाल कापडी पाठीची जाडजूड लेजरे होती आणि एक हेडक्लार्क होते. लेजर उघडण्याआधीच ते सांगत, "या पानावर सतरा रुपये कुठंतरी लपलेत." आणि सतराच निघत. मग सगळ्या शाखांची खाती एका संगणकावर जोडली गेली. हेडक्लार्क निवृत्त होईपर्यंत संगणकासमोर पाहुण्यासारखे बसत. त्यांना कुणी काही विचारत नसे, कारण सतरा रुपये लपायला आता जागाच उरली नव्हती. निरोप समारंभात त्यांना आम्ही घड्याळ दिले. असो.

दिवाळीच्या आदल्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कार्यक्रम मांडला. भाच्याने एका मित्राकडून जुनी डबी आणि तशाच गाडीचे कोष्टक आणले होते. डबी बसवली. लॅपटॉपची बॅटरी त्याच्या शिक्षणाइतकीच जुनी असल्यामुळे पहिल्या मजल्यावरच्या आमच्या स्वयंपाकघरातून वायर खाली सोडली. नवे कोष्टक गाडीत जाऊ लागले. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती. चाळीस टक्के, पन्नास टक्के, बासष्ट टक्के, आणि पडदा काळा!

वरून आवाज आला, "अहो, कुणाची तरी वायर लोंबत होती ती काढलीय. चटणी वाटायचीय मला."

पेट्रोलच्या इतिहासात मायबाखपासून मासुओकापर्यंत कुणापुढेही मिक्सर आडवा आला नव्हता. डबीत बासष्ट टक्के नवे कोष्टक आणि उरलेले काहीच नाही, अशी अवस्था. गाडी ना जुन्या हिशेबाने सुरू होईना, ना नव्या. शेजारचे निवृत्त काका खाली येऊन "किक मारून पाहिलीत का?" असे विचारून गेले. चटणी होईपर्यंत आम्ही दोघे पायरीवर बसून राहिलो.

दुसऱ्या खेपेला शंभर टक्के झाले. गाडी सुरू झाली. फटाके कमी झाले. पण चौकातून निघताना आवंढा होताच.

"मॅपप्रमाणे सगळं बरोबर आहे, मामा," भाचा म्हणाला.

हे वाक्य मी रोज काउंटरच्या आतून लोकांना ऐकवतो. बाहेरून ऐकायला कसे वाटते ते त्या दिवशी कळले. भाच्याला लॅपटॉपसकट मागे बसवले आणि गाडी चाचांकडे घेतली.

चाचा आता सत्तरीच्या पुढे आहेत. गॅरेजात जुन्या दोन-चार बुलेट आणि एक मांजर. नव्या गाड्या येत नाहीत. ते मला अजून धाकले मास्तर म्हणतात. मी बँकेत आहे हे त्यांना कधी पटलेलेच नाही. लॅपटॉप बघून ते म्हणाले, "याला पाना कुठनं लावायचा?" मी म्हटले, "चाचा, तुम्ही नुसतं ऐका."

त्यांनी चहा खाली ठेवला. मान कलती केली. स्वतः मूठ हळू पिळली, सोडली, पुन्हा पिळली. प्लग काढला. पांढरा.

"धाकले मास्तर, उपाशी हाय. सगळीकडं न्हाई. हितं बगा, हितं," म्हणून त्यांनी मूठ जेमतेम उघडली, "हितं पोटात खड्डा पडतोय."

भाच्याने पडद्यावर पाहिले. दोन हजार फेरे, पाच टक्के. त्या चौकोनात त्याने सहा वाढवले. चाचांनी पुन्हा ऐकले. "अजून लई थोडं." दोन आणखी. चाचांनी डोळे उघडले. मी श्वास धरून होतो.

"हां. आता बोलली."

भाचा काही बोलला नाही. गाडी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेला, परत आला, आणि "चाचा, वरच्या फेऱ्यांनापण ऐकता का?" म्हणाला. चाचांनी ऐकले आणि वरही उपाशी असल्याचे ठामपणे सांगितले. ते मात्र चुकले. सायलेन्सरचा एक बोल्ट ढिला होऊन थरथरत होता. तो आवळल्यावर वरची भूक आपोआप भागली. चाचा मांजराकडे बघून म्हणाले, "कानाचं पण वय झालं."

मी पैसे विचारले. "बोल्टचे वीस द्या. बाकी मी हात कुटं लावला?" मग आठवण होऊन ते आत गेले आणि एका बँकेची १९८९ ची डायरी घेऊन आले, तेलाने पारदर्शक झालेली. आत पट्टीने हाताने आखलेले रकाने: तारीख, नाव, जेट, सुई, हवा. पानेच्या पाने. मी इतकी वर्षे समजत होतो की चाचांचे सगळे कानात आहे. त्यांनी बोट फिरवत एक ओळ दाखवली. १४-३-९१. मास्तर. सुई तिसरी खाच, हवा दीड फेरा.

वडिलांना जाऊन आता नऊ वर्षे झाली. बुलेट त्याआधीच विकली होती.

चाचांनी कानामागची पेन्सिल काढली, त्या दिवसाची तारीख टाकली, नाव लिहिले धाकले मास्तर, आणि भाच्याला म्हणाले, "सांग बाळ, काय घातलंस?"

"दोन हजारला, पाच टक्क्यावर, अधिक आठ."

कुठल्या रकान्यात लिहावे म्हणून ते क्षणभर थांबले. मग सुईच्या रकान्यात बारीक अक्षरांत लिहिले.